बोअर नंबर तीन

सकाळी ६.१५. प्रवरेच्या खोऱ्यातली काळी रानं मे महिन्यात उललेली असतात. साखर कारखान्यामागच्या या रानातल्या भेगांत मनगट सहज जातं. इथं मातीच्या बांधाचा तलाव होणार आहे. कारखान्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेताला नको असेल तेव्हा साठवायला १५ दिवसांची जागा हवी, असा २०१६ पासून नियम आहे. तलावाखालची जमीन पाणी धरेल का, हे बघायला मिस्त्री, दोन हेल्पर आणि एक इंजिनिअर आलेत. लोखंडी पाइपांचा ट्रायपॉड उभा करायलाच पाऊण तास जातो.

७.३०. दोघं ऑगर फिरवतात. दीड मीटरवर ओल लागते. मिस्त्री चिमूटभर माती तळव्यावर वळतो. शेवईएवढी बारीक झाली तरी तुटत नाही. "चिकणी आहे," एवढंच म्हणतो.

८.२०. आता ठोके. साडेत्रेसष्ट किलोचा हॅमर ७५ सेंटीमीटर वरून रॉडवर पाडायचा. रॉडवर खडूनं १५-१५ सेंटीमीटरच्या तीन खुणा. पहिली खूण जाईपर्यंतचे ठोके हिशेबात धरत नाहीत, पुढच्या दोन्हींचे धरतात. विंचच्या ड्रमवर दोराचे वेढे, दोर हेल्परच्या हातात. हातमोजे ६० रुपयांचे, आठवड्यात तळव्याला भोक. हॅमर अर्ध्यावरून सोडला तर हात हलका होतो, पण ठोके वाढतात आणि कागदावर माती आहे त्याहून घट्ट दिसते.

"पुरा उचल, भाच्या."

"उचलतोय, मामा."

पाच आणि सहा. नोंद ११.

१०.४५. नळीत काढलेल्या नमुन्याची दोन्ही तोंडं मेणानं बंद करून तो ओल्या गोणपाटात, सावलीला. मग बोअरमध्ये उतरवलेला केसिंगचा पाइप काठोकाठ पाण्यानं भरतात आणि घड्याळ लावून बसतात. तासात पाणी ६ मिलिमीटर उतरतं. तेवढ्यात ठेकेदाराचा फोन, "किती मीटर झालं?" त्याचं बिल मीटरवर निघतं. हेल्परचा रोज ७००, मिस्त्रीचा ११०० आणि जेवण. पाण्याकडे बघत बसलेल्या तासाचा मीटर होत नाही. तरी मिस्त्री घाई करत नाही, आणि मला हे या कामातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं.

दुपारी १.१०. भाकरी, ठेचा, कांदा. शेजारचे शेतकरी बांधावर येऊन बसतात. त्यांची विहीर हाकेच्या अंतरावर.

"आमच्या पाण्यात उतरायचं नाही ना हे?"

"खडक लागू द्या, आण्णा. मग सांगतो."

२.३०. ३.४० मीटरवर मुरूम. ५० ठोक्यांत रॉड जेमतेम ८ सेंटीमीटर जातो. हॅमर बाजूला. आता हिऱ्याचा बिट आणि पाणी. पाच हजार लिटरचा टँकर, ९०० रुपये. रॉडमधून खाली गेलेलं पाणी केसिंगच्या तोंडाशी गढूळ होऊन परत येतं. त्याच्या रंगावरून मिस्त्री खडक ओळखतो. तांबूस झालं की मांजऱ्या खडक.

३.४५. ५.६० मीटरवर परतीचं पाणी थांबतं. पंप चालू आहे, दोनशे लिटरचा ड्रम बघता बघता रिकामा होतो, वर थेंब नाही. मिस्त्री मशीन हळू करतो. इंजिनिअर खोली लिहितो आणि त्याखाली रेघ ओढतो.

४.४०. कोअर वर येतो. लाकडी पेटीत तुकडे ओळीनं लावतात. दीड मीटरच्या टप्प्यात दहा सेंटीमीटरहून लांब तुकडे दोनच. एका तुकड्याच्या फुटीवर गंजाचा पिवळट थर. मशीननं आत्ता मोडलेला दगड असा दिसत नाही, त्याची फूट ताजी, काळी असते. या चिरेतून पाणी आधीपासून वाहतंय. आण्णा त्यावरून बोट फिरवतात. काही विचारत नाहीत.

५.३०. आधी घेतलेल्या बोअर एक आणि दोनमधली पाण्याची पातळी मोजून झाली आहे. ते दोन्ही सिमेंट-बेंटोनाइटच्या लगद्यानं तळापासून बुजवतात. उघडे राहिले तर तलावाचं पाणी थेट खडकात जायला तेच वाट होतील. तीनला झाकण, त्याची पातळी उद्या मोजायची.

६.२०. इंजिनिअर विहिरीच्या बाजूला चुन्याची फुली मारतो. बोअर नंबर चार, ठरलेल्या कामाबाहेरचा. ठेकेदार फोनवर विचारतो, याचे पैसे कोण देणार? इंजिनिअर म्हणतो, रिपोर्टमध्ये तर लिहावंच लागेल. दोन्ही हेल्पर आजचे सातशे-सातशे मोजून घेतात आणि रॉड पुसायला लागतात.