फोन आईचा, खातं आईचं, वापर मुलाचा

शाळेचा गृहपाठ आईच्या व्हॉट्सॲपवर येतो. तो वहीत उतरवून घ्यायला मुलगी फोन घेते आणि वीस मिनिटांनी त्यावर रील्स चालू असतात. मग कुणीतरी सुचवतं, 'अगं, पॅरेंटल कंट्रोल टाक ना.' ते टाकलं की घरात दोनपैकी एक मत तयार होतं. एकतर 'आता काळजी नाही', नाहीतर महिन्याभराने 'काही उपयोग नाही त्याचा, पोरं आपल्यापेक्षा हुशार.'

दोन्ही मतांचं मूळ एकच आहे. प्रत्येक सेटिंग कशाला तरी चिकटलेली असते. काही खात्याला, काही एखाद्या ॲपला, काही फोनला, तर काही घरच्या वायफायला. जिथे बसवली तिथेच ती चालते, त्याच्या बाहेर तिचा काही जोर नाही. कोणती सेटिंग कशावर बसली आहे, हे कळलं की पालकसभेत ऐकू येणारे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज : फॅमिली लिंक टाकलं की मुलाच्या फोनवर पूर्ण ताबा येतो.

वस्तुस्थिती : गूगलचं फॅमिली लिंक मुलाच्या गूगल खात्यावर देखरेख ठेवतं. नवीन ॲपला मंजुरी देणं, रोजचा वेळ ठरवणं, रात्री फोन बंद करणं, फोन कुठे आहे ते पाहणं, ही कामं त्यातून होतात. आयफोन-आयपॅडवर ॲपलचं 'स्क्रीन टाइम' २०१८पासून साधारण हेच करतं. पण मुलगा चॅटमध्ये काय लिहितो हे फॅमिली लिंकमध्ये वाचता येत नाही, त्याचे कॉल ऐकता येत नाहीत, त्याची स्क्रीनही आपल्याला दिसत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. ही सगळी व्यवस्था 'मुलाचा स्वतंत्र फोन आणि मुलाचं स्वतंत्र खातं' असं गृहीत धरून बांधलेली आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर २०२४' अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन जेमतेम ३१ टक्क्यांकडे होता. म्हणजे बहुतेक मुलं घरातल्या कुणाचा तरी फोन वापरतात. त्या फोनमध्ये खातं आईचं किंवा दादाचं असतं आणि त्या खात्याला मुलांचे कसलेच नियम लागू नसतात. यूट्यूबच्या लेखी तो व्हिडिओ अडतीस वर्षांची बाई पाहत असते.

सामायिक फोनसाठी इलाज वेगळे. अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिन करणे' ही सोय आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'पिन' शोधलं की ती सापडते. ती चालू करून एखादं ॲप पिन केलं की फोन त्याच ॲपवर अडकून राहतो. मात्र 'अनपिन करताना पिन विचारा' हा पर्यायही चालू करायला हवा, नाहीतर दोन बटणं दाबून मूल बाहेर पडतं. आयफोनवर हेच काम 'गायडेड ॲक्सेस' करतं. शिवाय बऱ्याच फोनमध्ये ॲपलॉक असतंच. व्हॉट्सॲप, गॅलरी आणि पैशांची ॲप्स त्यामागे ठेवली की फोन मुलाच्या हातात देताना निम्मी धाकधूक कमी होते. आणि टॅब खास मुलासाठीच घेतला असेल, तर त्यात स्वतःचं खातं घालून देऊ नका. मुलाचं खातं उघडा आणि तेच तिथे घाला.

गैरसमज : जन्मतारीख कुठलीही टाकली तरी चालते, ती कोण बघतं?

वस्तुस्थिती : माणूस बघत नाही, पण यंत्रणा तीच तारीख धरून चालते. चौथीतल्या मुलाचं खातं उघडताना गूगल पालकाची संमती मागतं, बाबा कंटाळून १९८९ साल टाकतात आणि काम पटकन उरकतं. त्याबरोबर मुलांसाठीची सगळी संरक्षणंही जातात. मुलांच्या खात्यावर आवडीनिवडी हेरून जाहिराती दाखवल्या जात नाहीत, क्रोममध्ये इन्कॉग्निटो बंद असतो, सर्चमध्ये सेफसर्च चालू असतो. १९८९च्या खात्याला यातलं काहीच नाही.

इन्स्टाग्रामचंही तसंच. २०२४च्या सप्टेंबरात त्यांनी 'टीन अकाउंट' आणलं आणि २०२५च्या फेब्रुवारीत ते भारतातही सुरू झालं. अठराखालच्या मुलाचं खातं त्यात आपोआप खासगी होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन शांत राहतात. सोळाखालच्या मुलाला हे नियम सैल करायचे असतील तर पालकाची परवानगी लागते. तेरा वर्षं पूर्ण होण्याआधी खातं उघडता यावं म्हणून वय अठराच्या वर टाकलेल्या मुलांना मात्र सहसा यातला एकही नियम लागू होत नाही. सेटिंग शोधायला बसण्याआधी खात्यातली जन्मतारीख पाहावी ती यासाठी.

गैरसमज : फिल्टर लावला की नको ते दिसत नाही.

वस्तुस्थिती : फॅमिली लिंकचा वेबसाइट फिल्टर क्रोममध्ये चालतो. मुलाने दुसरा ब्राउझर मागितला आणि आपण पाहुण्यांच्या गडबडीत 'मंजूर' दाबलं, तर फिल्टर क्रोममध्येच बसून राहतो. अनेक ॲप्स लिंक उघडायला स्वतःच्या पोटातलाच छोटा ब्राउझर वापरतात, तिथे हा फिल्टर लागू होईलच असं नाही. राउटरवर डीएनएस (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून अश्लील संकेतस्थळं अडवता येतात, क्लाउडफ्लेअर ही कंपनी २०२०पासून अशी सेवा फुकट देते. घरातल्या सगळ्या उपकरणांना, टीव्हीलासुद्धा ती लागू पडते. पण मुलाने वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला की राउटरचा संबंध संपला. मोबाइल डेटावरही तेच हवं असेल तर फोनच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये ते वेगळं घालावं लागतं.

शिवाय असा फिल्टर संकेतस्थळ पाहतो, त्याच्या आतला व्हिडिओ पाहत नाही. यूट्यूब उघडू दिलं की आत काय चालतं हे यूट्यूबच्या स्वतःच्या सेटिंगवर ठरतं. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्समध्ये 'फक्त मंजूर केलेला मजकूर' असा पर्याय आहे. त्यात पालकाने निवडलेले चॅनेल आणि व्हिडिओ सोडून काही दिसत नाही, शोधपट्टीही बंद होते. बसून पंधरा-वीस चॅनेल निवडण्याचा कंटाळा येतो खरा. पण अजून वाचता न येणाऱ्या मुलासाठी यूट्यूबवरचा सगळ्यात भरवशाचा उपाय हाच आहे.

गैरसमज : ॲपवर '३+' लिहिलंय, म्हणजे ते मुलांसाठी सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती : प्ले स्टोअरवरचं ३+, ७+, १२+ हे मानांकन आत हिंसा, शिवीगाळ, नग्नता किती आहे यावरून दिलेलं असतं. ते ॲप किती माहिती गोळा करतं याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. त्यासाठी प्ले स्टोअरवर त्याच पानाच्या खाली 'डेटा सुरक्षितता' हा वेगळा भाग असतो, आणि तिथली माहितीही ॲप बनवणाऱ्यानेच भरलेली असते.

प्ले स्टोअरच्या आतही 'पालक नियंत्रण' नावाचा एक पर्याय आहे. त्याला पिन घालून वयाची मर्यादा लावता येते. पण तो नव्याने घ्यायच्या ॲप्सपुरता आहे, आधीपासून फोनमध्ये असलेल्यांना तो हात लावत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (थेट फोनमध्ये बसणारं ॲप) तर प्ले स्टोअरच्या वाटेने येतच नाही. लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून आलेल्या अशा फाइल उघडून भल्याभल्यांची खाती रिकामी झाली आहेत. 'फुकट डायमंड' देणारा गेम म्हणून आलेली फाइल तेरा वर्षांचा मुलगा उघडणारच. म्हणून सेटिंग्जमध्ये 'अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करणे' शोधावं आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या प्रत्येकासमोरची परवानगी बंद करावी.

गैरसमज : मागितलेली परवानगी दिली नाही तर ॲप चालतच नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक ॲप्स चालतात, फारतर एखादी सोय बंद राहते. चित्र रंगवायच्या ॲपला मायक्रोफोन आणि संपर्क यादी कशाला हवी? अँड्रॉइड १२पासून 'नेमकं' ठिकाण न देता 'अंदाजे' देता येतं. अँड्रॉइड १४पासून सगळ्या गॅलरीऐवजी निवडक फोटोंचीच परवानगी देता येते. कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. आयफोनवर माइकसाठी तो केशरी असतो. या ठिपक्याचा अर्थ मुलांना एकदा सांगितला की ती आपल्याआधी ओरडतात, 'आई, याने माइक का चालू केलाय?'

गैरसमज : पिन मला एकटीलाच माहीत आहे, त्यामुळे पैसे जाऊ शकत नाहीत.

वस्तुस्थिती : यूपीआय लाइटमधून १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न विचारता होतो. लाइटमध्ये एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते, म्हणजे मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनमध्ये ते बंद असलेलंच बरं. दुसरी वाट ऑटोपेची. '१ रुपयात ७ दिवस' अशी चाचणी सुरू करताना मूल फोन आणून देतं, एक रुपयाच तर आहे म्हणून आपण स्वतःच पिन घालतो आणि त्याच वेळी दर महिन्याच्या वसुलीला संमती देऊन बसतो. पुढच्या १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यांना पुन्हा पिन लागत नाही. हप्ता कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती ओटीपी आणि ऑफरच्या गर्दीत हरवते. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, ती रद्द करायची तर तिथून.

गैरसमज : मुलाच्या नकळत सगळं वाचता आलं, तरच त्याचं रक्षण होईल.

वस्तुस्थिती : 'मुलाला कळणारही नाही' अशी जाहिरात करणारी ॲप्स फोनमधले मेसेज, फोटो, ठिकाण उचलून एका तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतात. २०१८मध्ये टीनसेफ या पालकांसाठीच्या ॲपचे सर्व्हर उघडे सापडले. हजारो नोंदी त्यात होत्या, मुलांच्या ॲपल खात्यांचे पासवर्डसुद्धा, तेही साध्या मजकुरात. वर ते ॲप चालायला मुलाच्या खात्याचं द्विस्तरीय संरक्षण बंद ठेवावं लागत होतं. मुलावर नजर ठेवायला आणलेल्या ॲपनेच त्याचं खातं उघड्यावर टाकलं. फॅमिली लिंक आणि स्क्रीन टाइम मुलापासून लपत नाहीत, देखरेख आहे हे त्याला दिसतं.

दुसरं कारण घरातलं आहे. ओळख वाढवून मुलाकडून खासगी फोटो मिळवायचा आणि 'पैसे दे, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो' अशी धमकी द्यायची, हा गुन्हा आता नवा राहिलेला नाही. त्यात मूल सगळ्यात जास्त घाबरतं ते आईबाबांना कळेल याला, आणि धमकी देणाऱ्याचा सगळा डाव त्या भीतीवरच चालतो. फोन हिसकावून घेण्याची शिक्षा जिथे ठरलेली असते, तिथलं मूल गप्प राहतं. 'काही झालं तरी तुझा फोन काढून घेणार नाही, आधी मला सांग' हे वाक्य म्हणून आधीच बोलून ठेवायचं असतं.

तसं घडलंच, तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. अमेरिकेतल्या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही सेवा २०२३पासून चालू आहे, ती भारतातूनही फुकट वापरता येते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. फोनवरच त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून फोटो हटवतात.

गैरसमज : आता कायदा आलाय, कंपन्यांनाच बघू दे.

वस्तुस्थिती : २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायला पालकाची पडताळता येईल अशी संमती लागेल, त्याचा माग काढायला आणि त्याला लक्ष्य करून जाहिरात दाखवायला मनाई आहे, आणि दंड २०० कोटी रुपयांपर्यंत आहे. नियम २०२५च्या नोव्हेंबरात आले, पण मुख्य जबाबदाऱ्या अमलात आणायला कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. अमेरिकेत असा कायदा १९९८मध्ये झाला, तरी मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजायला लागले ते २०१९ साली. शिवाय कंपनी पाहणार ते तिच्याकडे नोंदवलेलं वय. तिथे १९८९ लिहिलेलं असेल, तर कंपनीच्या लेखी तो मुलगा प्रौढच.

सुरुवात कुठून?

आधी घरातला प्रत्येक फोन, टॅब आणि टीव्ही घेऊन त्यात कुणाचं खातं आहे ते पाहा. मुलाचं खातं असेल तर जन्मतारीख तपासा आणि चुकीची असेल तर दुरुस्त करा. मग पैशांची ॲप्स लॉक करा, यूपीआय लाइट आणि नको असलेले ऑटोपे बंद करा. त्यानंतर परवानग्या, सगळ्यात शेवटी वेळेची मर्यादा. बहुतेक पालक या यादीत उलटे चालतात. रोज एक तास एवढं ठरवून थांबतात, आणि तो एक तास मूल आईच्या खात्यावर काढतं.

हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. 'असर'च्या त्याच अहवालात सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत होतं, ते खासगी कसं करायचं हे ५५ टक्क्यांना. उरलेल्यांना हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. आणि मित्राच्या फोनवर, जिथे आपली एकही सेटिंग पोचत नाही, तिथे त्या दहा मिनिटांत शिकलेलंच मुलाच्या कामी येतं.