गंजलेले बोल्ट आणि वाहनाची सुरक्षितता

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर पावसाळा चार महिने असतो, परंतु हवेतील खारेपणा बाराही महिने कायम राहतो. वाहनाचा धक्काशोषक, म्हणजेच शॉक अ‍ॅब्सॉर्बर, जखडून ठेवणारे नट-बोल्ट या खाऱ्या हवेचे आणि चाकांनी उडविलेल्या चिखलाचे पहिले भक्ष्य ठरतात. धक्काशोषक बदलणे हे तसे साधे काम. मात्र गंजलेला बोल्ट तुटला की त्यातच सारा दिवस खर्ची पडतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील फट भरून नट घट्ट बसतो. अशा वेळी पान्याला लांब पाइप लावून जोर केल्यास नट सुटण्याऐवजी बोल्टच पिळवटून तुटतो. म्हणून कामाची सुरुवात आदल्या दिवशीच करावी. तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करून त्यांवर गंज सोडविणारे तेल घालावे व ते रात्रभर मुरू द्यावे. नट किंचित हलू लागताच तो मागेपुढे फिरवीत हळूहळू सोडवावा. धक्काशोषकाच्या नळकांड्यात तेल व पुष्कळदा दाबाखालील वायू असतो; त्यास ज्योत कदापि लावू नये. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली शिरू नये. भक्कम टेकू द्यावेत.

एवढे करूनही बोल्ट तुटल्यास प्रथम तो कोणत्या प्रकारचा आहे, ते पाहावे. आरपार बोल्ट असल्यास तो कापून किंवा ठोकून काढता येतो. आट्यांच्या भोकात तुकडा अडकला असेल व त्याचे टोक बाहेर असेल, तर कुशल कारागिराकडून त्यावर नट वेल्ड करून तो फिरविता येतो. टोक बाहेर नसल्यास बरोबर मध्यभागी पंचाने खूण करावी, आधी बारीक व मग मोठे भोक पाडावे आणि उरलेले आटे टॅपने साफ करावेत. भोक मध्यापासून ढळल्यास मूळ आटेच नष्ट होतात. म्हणून येथे घाई करू नये.

खरा धोका यानंतरच्या तडजोडीत असतो. हाती लागेल तो बोल्ट बसविणे अथवा धक्काशोषकाचा डोळा थेट वेल्ड करणे सर्वस्वी अयोग्य होय. बोल्टच्या डोक्यावरील ‘८.८’ किंवा ‘१०.९’ हे आकडे त्याची ताकद दर्शवितात. ८.८ प्रतीचा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसतो. नवा बोल्ट मूळ जाडीचा, मूळ आट्यांचा व त्याच प्रतीचा असावा. रबरी बुश असलेले बोल्ट वाहन चाकांवर उभे असतानाच अखेरचे आवळावेत. अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते.

धक्काशोषक निसटल्यास चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि ब्रेकचा परिणाम उणावतो. शाळेची मुले व गावची माणसे नेणाऱ्या वाहनांचे मालक, चालक व संबंधित अधिकारी यांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर या जोडांची तपासणी अवश्य करून घ्यावी.