व्यायाम आणि मुखपट्टी : काही आवश्यक दक्षता

छत्रपती संभाजीनगर येथील गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठाचा परिसर किंवा गोगाबाबा टेकडी येथे भल्या सकाळी गेल्यास फिरणाऱ्यांची आणि धावणाऱ्यांची वर्दळ दिसते. ग्रामीण भागात पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण उजाडण्यापूर्वीच रस्त्यावर धावू लागतात. त्यांच्यापैकी काहींच्या तोंडावर मुखपट्टी असते, काहींच्या रुमाल किंवा उपरणे असते. धूळ आणि रोगजंतू यांपासून बचाव व्हावा हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. तथापि, जी मुखपट्टी रुग्णालयात किंवा गर्दीत उपकारक ठरते, ती धावताना तशीच उपकारक ठरेल असे नाही. हा फरक समजून घेणे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्या दृष्टीने विशेष अगत्याचे आहे. कारण त्यांच्या सूचनेवरून अनेकांचे आचरण ठरत असते.

साथीच्या काळातील अनुभव

कोविड-१९ च्या साथीत राज्यात सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची करण्यात आली होती. जून २०२० पासून टाळेबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल होऊ लागली, तेव्हा चालणे, धावणे आणि सायकल चालविणे यांना प्रथम परवानगी मिळाली. व्यायामशाळा मात्र २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, उघडल्या. साहजिकच, व्यायाम करतानाही मुखपट्टी लावावी काय, हा प्रश्न उपस्थित झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी स्पष्ट केले की, जोमदार व्यायाम करताना मुखपट्टी वापरू नये. एकमेकांपासून किमान एक मीटर अंतर राखावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये व्यायामशाळांसाठी काढलेल्या सूचनांतही, व्यायामाच्या वेळी मुखपट्टी, विशेषतः एन-९५ प्रकारची, वापरल्यास श्वसनास त्रास होऊ शकतो असे नमूद केले होते. चीनमध्ये २०२० साली शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुखपट्टी लावून धावताना काही विद्यार्थी मृत्युमुखी पडल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली होती. मुखपट्टी हेच त्याचे कारण होते असे सिद्ध झाले नाही. परंतु तेथील शाळांना आपल्या पद्धतीचा फेरविचार करावा लागला. महाराष्ट्रातील सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली. आता मुखपट्टीचा वापर ऐच्छिक आहे, म्हणूनच तो समजून उमजून व्हावयास हवा.

श्वसनावर होणारा परिणाम

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणूस दर मिनिटाला साधारणपणे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. वेगाने धावताना हेच प्रमाण १०० लिटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. बसलेल्या माणसाला न जाणवणारा कापडाचा अडथळा धावणाऱ्याला का जाणवतो, हे यावरून ध्यानात येईल. छातीच्या स्नायूंना अधिक श्रम पडतात, बाहेर सोडलेल्या उष्ण हवेचा थोडा भाग पुन्हा आत घेतला जातो आणि चेहऱ्याभोवती उष्णता साचते.

मुखपट्टीमुळे रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घटतो, अशी भीती अनेकांच्या मनात असते. निरोगी व्यक्तींच्या बाबतीत ती अनाठायी आहे. साध्या मुखपट्टीने त्यांच्या रक्तातील प्राणवायूत फारसा फरक पडत नाही. धाप मात्र लवकर लागते आणि थकवा अधिक जाणवतो. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना हा जादा भार झेपेलच असे नाही. अशा व्यक्तींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय मुखपट्टी लावून श्रमाचा व्यायाम करू नये.

खरी अडचण घामाची आहे. घामाने आणि श्वासातील बाष्पाने कापड ओले झाले की त्याची छिद्रे पाण्याने भरतात, श्वास अधिक जड होतो आणि जंतूंच्या वाढीस अनुकूल ओलावा तयार होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा यात उष्माघाताच्या धोक्याची भर पडते.

मुखपट्टीचे प्रकार आणि गैरसमज

धूळ टाळण्यासाठी तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी मोठे कण अडविते. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण तीतून सहज पार होतात. एन-९५ मुखपट्टी सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडविते. परंतु ती चेहऱ्याला घट्ट बसली तरच. घाम, दाढी आणि सततची हालचाल यांमुळे तिच्या कडा सैल होतात. ती धुतल्यास तिच्या तंतूंवरील विद्युतभार नाहीसा होऊन तिची गाळणशक्ती घटते. झडप असलेली मुखपट्टी श्वास सोडण्यास सोयीची असली, तरी सोडलेला श्वास गाळला जात नसल्यामुळे इतरांचे रक्षण होत नाही. दम वाढविण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मुखपट्ट्यांनी डोंगरावरील विरळ हवा निर्माण होत नाही. केवळ हवेचा प्रवाह अडतो.

काय करावे?

मुखपट्टीपेक्षा जागा आणि वेळ यांची निवड अधिक महत्त्वाची आहे. रहदारीच्या रस्त्याऐवजी मैदान, शेतरस्ता किंवा उद्यान निवडावे. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत रेंगाळतात. म्हणून त्या दिवसांत ऊन वर आल्यावर धावणे बरे. उन्हाळ्यात मात्र पहाटेचीच वेळ योग्य.

मोकळ्या जागी, पुरेसे अंतर राखून व्यायाम करताना मुखपट्टीची गरज नाही. साथीच्या काळात बंदिस्त खोलीत व्यायाम टाळावा. तो अपरिहार्य असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि हलका व्यायाम करावा. मुखपट्टी लावून चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. जवळ एक कोरडी मुखपट्टी बाळगावी आणि ओली झालेली तात्काळ बदलावी. चक्कर, छातीत दुखणे, विलक्षण धाप, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुखपट्टी काढून व्यायाम थांबवावा आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. ताप किंवा खोकला असणाऱ्याने मुखपट्टी लावून धावण्यापेक्षा घरी विश्रांती घेणेच इष्ट होय.

शाळा आणि ग्रामपंचायती यांची जबाबदारी

मुलांनी खेळताना व धावताना मुखपट्टी लावू नये, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा २०२० मधील सल्ला होता. पाच वर्षे व त्याखालील मुलांना ती लावूच नये, असे भारताच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले होते. शिक्षकांनी खेळाच्या तासाला मुलांचे लहान गट करावेत आणि तास उघड्यावर घ्यावा. दम लागल्याची तक्रार करणाऱ्या मुलास आळशी समजू नये. ग्रामपंचायतींनी खुल्या व्यायामशाळेतील साधनांमध्ये अंतर ठेवावे, आसपास कचरा जाळू देऊ नये आणि धावपट्टीवर पाणी मारून धूळ बसवावी. भविष्यात पुन्हा साथ उद्भवल्यास गर्दीतील व्यक्ती आणि मोकळ्या मैदानावर एकटा धावणारा तरुण यांना एकच नियम लावण्याची घाई करू नये.

मुखपट्टी आरोग्यरक्षणाचे एक साधन आहे आणि व्यायाम हे दुसरे. एकाच्या अविचारी वापराने दुसऱ्यास बाधा येऊ न देणे, हेच यातील तारतम्य होय.