राणीच्या बागेला हातभार

मुंबईस नातेवाइकांकडे गेलेला माणूस राणीची बाग न पाहता गावी परतला, असे सहसा होत नाही. माणूस कोकणातला असो की घाटावरचा, गिरणीत काम करणाऱ्या भावाकडे किंवा मामाकडे उतरायचे आणि एक दिवस पोरांना घेऊन भायखळ्यास जायचे, ही रीतच पडून गेली होती. गिरण्या आता राहिल्या नाहीत. रीत मात्र राहिली आहे.

या बागेत पाहावयाचे काय, हे पुष्कळांना ठाऊक असते. वाघ, पाणघोडा, माकडे, पक्षी. पण बाग चालते कशी, तेथे लोकांसाठी काय काय कार्यक्रम होतात, आणि पगार न घेता तिच्यासाठी राबणारी माणसे कोण, हे फारसे कोणी सांगत नाही. ते आज आम्ही सांगणार आहोत.

ही बाग १८६२ साली लोकांना खुली झाली. विलायतेच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला दिले होते, म्हणून लोक म्हणू लागले राणीची बाग. आता तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. राणीच्या जागी राजमाता आली. पण लोकांच्या तोंडचे जुने नाव काही जात नाही. बागेची जमीन सुमारे ५३ एकर आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे माणसाला पाय पसरायला जागा मिळत नाही, तिथे ५३ एकरांवर झाडे उभी आहेत, ही लहान गोष्ट नव्हे.

एक ध्यानात घ्या. आधी झाडे आली, जनावरे मागाहून आली. पिंजरे बागेत आले ते १८९० च्या सुमारास. आपण वाघ पाहण्याच्या घाईत झाडांखालून नुसते चालत जातो. पण झाडे पाहावीत अशी आहेत. गोरखचिंच आहे. हे झाड मूळचे आफ्रिकेतले. त्याचा बुंधा एवढा जाड, की चार माणसांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नाही. त्या बुंध्यात ते पाणी साठवून ठेवते. कैलासपती आहे. त्याची फुले फांदीच्या शेंड्याला न येता थेट बुंध्यावर येतात. फुलात पाहावे तर शंकराची पिंडी आणि वर नागाची फणा असावी तसा आकार. आपल्याकडे देवळापाशी हे झाड लावतात, म्हणून ते आपलेच वाटते. पण ते दक्षिण अमेरिकेतून आलेले आहे. ब्रह्मदेशातली उर्वशी आहे. तिची लाल फुले झुंबरासारखी खाली लोंबतात.

आता कार्यक्रमांकडे वळू. सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे मुंबई महापालिकेचे झाडाफुलांचे प्रदर्शन. ते बहुतेक फेब्रुवारीच्या आरंभी या बागेत भरते. तीन दिवस चालते. फुलांच्या, पानांच्या मोठमोठ्या आकृत्या करतात. त्या पाहण्यासाठी शहरातली माणसे लोटतात. आमचे मत विचाराल तर शेतकऱ्याने आकृत्यांपाशी फार वेळ घालवू नये. कुंडीत लावलेली फळझाडे आणि भाजीपाला जिथे मांडलेला असतो तिथे जावे. हातभर मातीत एवढे पीक कसे काढले, हे विचारावे. सांगणारी माणसे तेथे असतात, आणि सांगायला त्यांना आवडते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्येही २६ जानेवारीच्या सुमारास असेच पुष्पप्रदर्शन भरते.

दुसरा कार्यक्रम वन्यजीव सप्ताहाचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो देशभर पाळतात. मुलांच्या चित्रांच्या, निबंधांच्या स्पर्धा होतात. सापांची, पक्ष्यांची माहिती सांगतात. पुण्याजवळ कात्रजला सर्पोद्यान आहे. ते १९८६ साली सुरू झाले. विषारी साप कोणता, बिनविषारी कोणता, हे शहरवाल्यापेक्षा आपल्याला अधिक उपयोगी. शेतात रात्री पाणी द्यायला आपण जातो, ते जात नाहीत.

जत्रा म्हटली की गर्दी आलीच. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता. त्या एका दिवशी राणीच्या बागेत तीस हजारांहून अधिक माणसे आली. एवढी गर्दी पेंग्विन पाहण्यासाठीही असते. पेंग्विन हा पक्षीच, पण उडत नाही, पोहतो. राणीच्या बागेतल्या पेंग्विनांची जात पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरची. २०१६ साली आठ पेंग्विन आणले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. २०१७ च्या मार्चमध्ये ते लोकांना दाखवू लागले. मुंबईच्या उकाड्यात त्यांना यंत्राने गार केलेल्या खोलीत ठेवावे लागते. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिले पिलू अंड्यातून बाहेर आले. सगळ्या मुंबईला आनंद झाला. पण पिलू थोड्याच दिवसांत गेले. पुढे मात्र पिले जगली. परक्या मुलखातला जीव वाढवणे सोपे नाही, एवढे यावरून समजावे.

अन् आपण काय करतो? पिंजऱ्यापाशी उभे राहून शेंगदाणे फेकतो. हरणाला पाव देतो. माकडाला कुरमुऱ्याची पिशवी पिशवीसकट देतो. देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. भुकेल्याला घास द्यावा, हेच आपण लहानपणापासून शिकलो. पण विचार करा. आपल्या बैलाने पोत्यात तोंड घालून धान्य भरपूर खाल्ले तर काय होते? पोट फुगते. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही तर बैल हातचा जातो. हरीणही बैलासारखेच रवंथ करणारे जनावर. त्याच्या पोटाला पाला, गवत हवे. पावाने, पिठाच्या पदार्थाने त्याचेही तेच होते. प्लॅस्टिकच्या पिशवीला मिठाचा वास लागलेला असला की ते पिशवीच गिळते. पिशवी पोटात कुजत नाही, पुढे सरकत नाही. उकिरड्यावर चरणाऱ्या गाईंची गत आपण पाहिलेलीच आहे. शिवाय माणसाचा रोग जनावराला लागतो. क्षयरोग माणसापासून माकडांना होऊ शकतो. म्हणून अर्धे खाल्लेले फळही देऊ नये.

हा नुसता उपदेश नाही, कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात स्पष्ट लिहिले आहे, की प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला चिडवू नये, इजा करू नये, खाऊ घालू नये, गोंगाट करून त्रास देऊ नये आणि आवारात कचरा टाकू नये. मोडेल त्याला शिक्षा आहे.

पण तीस हजारांच्या गर्दीत कायदा सांगणार कोण? पिंजऱ्याचा राखणदार एकटा. त्याला चारा घालायचा, झाडलोट करायची, आजारी जनावरावर नजर ठेवायची. तो कुणाकुणाचा हात धरणार? इथे स्वयंसेवकाचे काम येते. स्वयंसेवक म्हणजे आपल्या खुशीने, मोबदला न घेता काम करणारा. वारीत पाणी वाटणारी मंडळी असतात ना, तशीच ही. प्राणिसंग्रहालयात तो कठड्यापाशी उभा राहतो. आलेल्यांना जनावराची माहिती सांगतो. कुणी दगड उचलला की गोडीने थांबवतो. पिंजऱ्यात मात्र तो जात नाही. ते शिकलेल्या राखणदाराचेच काम. हौशी माणसाने तिथे शिरू नये, आणि कोणी शिरू म्हणाला तर त्याला शिरू देऊ नये.

आमच्या मते हे काम दिसते तेवढे हलके नाही. चार तास उन्हात उभे राहून तीच गोष्ट शंभरदा सांगायची, आणि शंभराव्या वेळीही चिडायचे नाही! आम्ही जन्मभर वर्गात उभे राहून शिकवले, म्हणून आम्हाला त्याची किंमत कळते.

राणीच्या बागेच्या बाबतीत स्वयंसेवकांनी याहून मोठे काम केले. २००७ साली बागेचे रूप पालटण्याचा एक आराखडा पुढे आला. खर्च चारशे कोटींच्या वर. जनावरांसाठी नवी घरे व्हावीत, हे चांगलेच होते. पण त्यात जुन्या झाडांना धोका होता. तेव्हा काही नागरिक एकत्र आले. त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. वही-पेन्सिल घेऊन बागेत फिरू लागल्या. कोणते झाड कोठे आहे, त्याचे नाव काय, हे समजून घेतले. महापालिकेला अर्ज लिहिले. लोकांना बोलावून झाडांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या काढल्या. ज्याला झाडाचे नाव कळले, त्याला ते तोडले जाणार म्हटल्यावर वाईट वाटू लागले. जुन्या वास्तूंची काळजी घेणाऱ्या समितीनेही हरकत घेतली. काही वर्षे गेली, आणि तो पहिला आराखडा मागे पडला. जनावरांची नवी घरे पुढे झाली, पण बाग बागच राहिली.

ज्याला वेळ नाही पण चार पैसे आहेत, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. जनावर दत्तक घेण्याची. घाबरू नका, वाघ घरी आणावा लागत नाही! त्याच्या वर्षभराच्या खाण्याचा खर्च आपण द्यायचा, इतकेच. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ सालचे. तेथे २००१ पासून ही पद्धत आहे. मोठ्यांनी हत्ती घ्यावा, लहानांनी एखादा पक्षी घ्यावा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही अशी सोय आहे.

मत्स्यालयाविषयी एक शब्द. मुंबईच्या समुद्रकिनारी १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले होते. पुष्कळांनी ते पाहिले असेल. इमारत मोडकळीस आल्यामुळे ते बंद झाले आहे. तेव्हा जुन्या आठवणीवर कुणी पोरांना घेऊन तिकडे जाऊ नये. दुसरीकडे कुठे मासे पाहिलेत तर काचेवर टकटक करू नका. माशाला आपल्यासारखे बाहेरचे कान नसतात, पण अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते. पाण्यातली बारीकशी हालचालही तिला जाणवते. आपली टिचकी त्याला धडाक्यासारखी लागते.

आता कुणी म्हणेल, मुंबई लांब राहिली, आम्ही काय करावे? २००२ सालच्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असावयास हवी. तिने गावातली झाडे, झुडपे, मासे, पाखरे, जुनी बियाणी यांची वही करावयाची असते. तिला लोक जैवविविधता नोंदवही म्हणतात. वही पुष्कळ गावांत कपाटात पडून असते, नाहीतर बाहेरच्या कुणीतरी भरलेली असते. पंचायतीत जाऊन ती दाखवा म्हणावे. वाचता येते ना आता? मग वाचून पाहावी. देवराईतले झाड राहिले असेल, ओढ्यातला मासा राहिला असेल, आजीच्या मडक्यातले वालाचे बी राहिले असेल, तर ते लिहून घ्यायला सांगावे. नाव आपल्या बोलीतलेच सांगावे.

आणि मुंबईस जाल तेव्हा बुधवार टाळा. बुधवारी राणीची बाग बंद असते. जनावरांना विसावा मिळावा म्हणून आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवण्याचा नियमच आहे. भायखळा स्टेशनवर उतरून पूर्वेच्या बाजूला बाहेर पडावे. पायी जाता येते. बागेच्या शेजारी भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तेथे एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीच्या बेटावरचा. इंग्रज १८६४ साली त्याला उचलून विलायतेस नेऊ लागले, तेव्हा तो पडून फुटला. तुकडे तसेच पडून होते. १९१४ साली कुणीतरी ते जुळवून तो पुन्हा उभा केला. त्याच्या पाठीवर सांधे दिसतात का, ते जवळ जाऊन पाहा.