मार्क लेकरू आणेल, दाखले आपण आणायचे



बचतीचे पैसे जमा झाले, हप्ते झाले, की बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "पोरीची दहावी आहे, पुढं काय करायचं?" कुणाचं लेकरू बारावीला असतं. मग बोलणं जातं क्लासकडे, टक्क्यांकडे, मोबाईलकडे. अभ्यास महत्त्वाचा आहेच. पण गावोगाव फिरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या मुलींचा कॉलेजचा प्रवेश मार्कांपायी जेवढा अडतो, तेवढाच कागदांपायी अडतो. निकाल मे महिन्यात लागतो, प्रवेशाचे फॉर्म लगेच सुरू होतात आणि तेव्हा आपण तहसीलच्या दारात रांगेत उभ्या असतो. त्या दिवसांत सगळ्या तालुक्याची रांग तिथंच असते.

म्हणून सांगणं एवढंच की अभ्यास लेकराने करायचा आणि कागदाचं काम आपण घ्यायचं. तेही निकालानंतर नाही, आत्तापासून.

नाव सगळीकडे एकच हवं

आज घरी गेल्यावर मुलीचं आधार कार्ड, शाळेतली नोंद, जन्माचा दाखला आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे "कांचन" आणि दुसरीकडे "कंचन" असेल, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त असेल, तर तो फरक पुढे प्रत्येक फॉर्मला आडवा येतो.

दहावी बोर्डाचा फॉर्म भरताना शाळा माहितीची छापील यादी तपासायला देते. तिच्यावर नुसती सही करून देऊ नका. मुलीला मोठ्याने वाचायला लावा आणि मग सही करा. शाळेत असताना हेडमास्तरांकडे अर्ज देऊन नाव दुरुस्त करता येतं. बोर्डाचं सर्टिफिकेट हातात आल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. आधारमध्ये चूक असेल तर तीही आत्ताच करून घ्या.

कोणता दाखला कशासाठी

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा असतो. तो शिष्यवृत्तीला आणि फीच्या सवलतीला लागतो. एक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तो एप्रिलमध्ये नव्याने काढायचा. मागच्या वर्षीचा दाखला घेऊन जूनमध्ये गेलात तर परत पाठवतील.

जातीचा दाखला एकदाच काढायचा असतो. शाळेत असतानाच काढलेला बरा.

नॉन क्रिमीलेयर दाखला ओबीसी, भटक्या विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी प्रवर्गाला लागतो. अनुसूचित जाती आणि जमातीला तो लागत नाही. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ती पुरली पाहिजे.

ईडब्ल्यूएस दाखला ज्यांना कोणतंच जातीचं आरक्षण नाही आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी आहे.

अधिवास दाखला, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, बारावीनंतरच्या प्रवेशाला लागतो. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका असतातच. त्यांच्या चार-पाच झेरॉक्स एका पिशवीत ठेवून द्या.

हे दाखले आपले सरकार सेवा केंद्रात किंवा महा ई-सेवा केंद्रात काढता येतात. तिथं दराचा फलक लावलेला असतो. तेवढेच पैसे द्या आणि पावती घ्या. पावतीवरचा अर्ज क्रमांक जपून ठेवा. दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर लागत नाही, सरकारने ते मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. साध्या कागदावर चालतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्यानुसार प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. त्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

जात पडताळणी: सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम

तायांनो, हा भाग नीट वाचा. जातीचा दाखला वेगळा आणि जात वैधता प्रमाणपत्र वेगळं. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, नर्सिंग अशा व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवरून प्रवेश हवा असेल, तर वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळतं. अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती असते. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कागदपत्रं जोडून समितीकडे द्यायची. कॉलेजच्या प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. म्हणून मुलगी अकरावीत गेली की लगेच अर्ज करायचा, बारावीच्या निकालाची वाट बघायची नाही. समितीची पावती दाखवून काही वेळा तात्पुरता प्रवेश मिळतो. पण दिलेल्या तारखेच्या आत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. त्या पावतीच्या भरवशावर लेकराचं वर्ष पणाला लावू नका.

पुराव्यासाठी जुने कागद लागतात, आणि ते वडिलांच्या बाजूचे लागतात. वडील, आजोबा, पणजोबा, चुलते, आत्या यांच्या कागदावर जातीची नोंद हवी. किती जुनी हवी, तेही ठरलेलं आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा पुरावा सगळ्यात भक्कम धरतात.

असा कागद कुठं मिळतो? पहिली जागा म्हणजे आजोबा किंवा आत्या ज्या शाळेत शिकल्या ती प्राथमिक शाळा. तिथं जनरल रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं कोतवाल बुक, शोधायला अर्ज द्या. त्यात जन्माच्या नोंदीसोबत जात लिहिलेली असते. जुने सातबारे आणि खरेदीखतंही बघून घ्या. घरात आधीच कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल, म्हणजे वडील, सख्खे चुलते किंवा मोठा भाऊ-बहीण, तर काम बरंच सोपं होतं. त्याची प्रत आधी मागून ठेवा.

आपल्या गटांमध्ये बऱ्याच ताया एकल आहेत. कुणाचा नवरा वारला आहे, कुणी सोडून दिलं आहे. सासरचे कागद देत नाहीत म्हणून लेकराची पडताळणी राहते. अशा तायांनी एक ध्यानात ठेवावं. कोतवाल बुक आणि शाळेचं रजिस्टर सासरच्या पेटीत नसतं, ते सरकारी कार्यालयात असतं. लेकराच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव, गाव आणि अंदाजे जन्मसाल घेऊन लेकराच्या नावाने अर्ज करा. एकटीने जाऊ नका. गटातली एक ताई आणि सीआरपी ताई सोबत घ्या.

फीचा आकडा ऐकून घाबरू नका

"एवढ्या फीमध्ये तर लग्न उरकून होईल," हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. ते बोलणाऱ्याला बहुतेक वेळा पुढची माहिती नसते.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी आणि अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. एजंट "डायरेक्ट ॲडमिशन करून देतो" म्हणतो, तेव्हा हेच आठवायचं. त्याच्या मागे गेलात तर माफ होणारी फी खिशातून भरावी लागेल.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या मुलामुलींना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपची चौकशी करा. हे सगळे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात आणि दरवर्षी नव्याने भरायचे असतात. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, तर त्या वर्षीचे पैसे येत नाहीत.

फी माफ झाली तरी राहणं आणि खाणं उरतंच. मुलींसाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम् आणि ओबीसी व भटक्या विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. त्यातून राहण्या-जेवणाची रक्कम मुलीच्या खात्यावर येते. अकरावी-बारावी तालुक्याला येऊन-जाऊन करायची असेल, तर बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे.

पैसे कोणत्या खात्यात येतील?

लाडक्या बहिणीच्या वेळी आपण बँकेपुढे रांगा लावल्या होत्या, आठवतंय ना? पैसे एका खात्यात शोधत होतो आणि ते आले होते दुसऱ्याच खात्यात. शिष्यवृत्तीचंही तसंच आहे. पैसे मुलीच्या आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तिचं स्वतःचं खातं उघडा, बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा आणि झालं का ते विचारून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर घरातला हवा आणि चालू हवा. ओटीपी त्यावरच येतो. तो ओटीपी कॅफेवाल्याला फोनवरून सांगायचा नाही.

अकरावीचा फॉर्म भरताना

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. फॉर्ममध्ये दहापर्यंत कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाहेर जातं. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका, जिथं मुलगी खरोखर रोज पोचू शकेल. कॅफेवाल्याने भरलेला क्रम सबमिट करायच्या आधी मुलीने स्वतः वाचलाच पाहिजे. लॉगिन आणि पासवर्ड तिच्याच वहीत लिहिलेला असू द्या.

गटाने काय करायचं

आपल्या दशसूत्रीत शिक्षणाचं एक सूत्र आहे. दर बैठकीत ते आपण म्हणतो, पुढच्या बैठकीत ते कामाला लावूया. गटात कुणाचं लेकरू नववी ते बारावीत आहे, त्याची यादी करा. प्रत्येकीचा कोणता कागद आहे आणि कोणता नाही, ते इतिवृत्तात लिहा. मग महिने वाटून घ्या:

• डिसेंबर-जानेवारी: नावांची ताडणी, आधार दुरुस्ती, मुलीचं बँक खातं
• फेब्रुवारी-मार्च: परीक्षा. या दिवसांत मुलीला दाखल्यासाठी पळवायचं नाही, आपण जायचं
• एप्रिल: उत्पन्नाचा नवा दाखला, नॉन क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, अधिवास
• मे-जून: निकाल, प्रवेश फॉर्म, वसतिगृहाची चौकशी
• अकरावीला गेल्यावर: जात पडताळणीचा अर्ज, महाडीबीटी

तहसीलला जायचं तर पाच-सहा जणींनी मिळून एकाच दिवशी जा. गाडीभाडं वाटून जातं आणि कुणी "उद्या या" म्हणालं तर विचारायला सहा तोंडं असतात. सुरुवातीच्या खर्चासाठी गटाचं अंतर्गत कर्ज घेता येतं, सावकाराच्या दारात जायची गरज नाही. मोठी रक्कम लागली तर बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत.

आपल्यापैकी कितीतरी जणींची शाळा सातवी-आठवीला सुटली. कुणाची घरच्या कामापायी, कुणाची लग्नापायी. आपल्या लेकीची निदान एका दाखल्यापायी सुटायला नको. पुढच्या बैठकीला येताना पासबुकासोबत मुलीचं आधार आणि शाळेच्या नोंदीची झेरॉक्स आणा. ताडणी तिथूनच सुरू करूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक