जुन्या पिकअप गाडीच्या तापमापकाचा काटा वर-खाली होणे : कारणे व उपाय



आंबा, भाजीपाला, फुले यांसारखा नाशवंत माल वेळेवर बाजारपेठेत पोहोचावा म्हणून अनेक बागायतदारांनी स्वतःची पिकअप गाडी घेतली आहे. यांपैकी कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढत कोल्हापूर गाठताना अशा गाडीच्या तापमापकाचा काटा वर चढतो, थोड्या वेळाने खाली येतो आणि पुन्हा चढतो. काटा आपोआप खाली येतो म्हणून बहुधा दुर्लक्ष होते. पुढे हेड वाकते, गॅस्केट जळते आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकते. माल मात्र उन्हात राहतो.

पीक पिवळे पडले की आपण लगेच युरिया टाकत नाही. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, शेतात पाणी साचले आहे काय, हे आधी पाहतो. इंजिनाचेही तसेच आहे. काटा किती वर गेला यापेक्षा तो केव्हा हलतो हे पाहिल्यास दोष लवकर सापडतो व अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचतो.

इंजिन थंड कसे राहते?

वॉटर पंप इंजिनाभोवतीच्या पोकळीत पाणी फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो व पाणी रेडिएटरकडे जात नाही. ठरावीक तापमानाला, अनेक इंजिनांत ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, तो उघडू लागतो. मग गरम पाणी रेडिएटरमध्ये जाऊन पंख्याच्या व समोरच्या वाऱ्याने थंड होते. रेडिएटरचे झाकण आत दाब टिकवते. सुमारे ०.९ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. दाबाचे झाकण चांगले असेल तर साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर गेल्यास तेच पाणी १०० अंशांनाच उकळून बाहेर पडते.

काटा केव्हा हलतो?

१) गाडी उभी असताना किंवा बाजार समितीच्या रांगेत काटा चढतो, धावू लागताच उतरतो : पंख्याचा वारा कमी पडतो. बेल्ट सैल असणे, फॅन क्लच निकामी होणे, विजेचा पंखा असल्यास फ्यूज, रिले वा स्विच बिघडणे ही कारणे संभवतात.

२) भार घेऊन चढ चढताना काटा चढतो, सपाटीवर उतरतो : रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले आहेत, जाळीत माती व गवताचे बी अडकले आहे किंवा पंप अशक्त झाला आहे.

३) चढ-उतार नसतानाही काटा अनियमित हलतो : पाणी कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. प्रथम हेच तपासावे.

४) काटा नेहमीच्या जागेपेक्षा बराच वर जाऊन एकदम खाली येतो व हे पुन्हा पुन्हा घडते : थर्मोस्टॅट अडकत अडकत उघडतो आहे.

५) काटा कायम खाली राहतो, उतारावर आणखी पडतो : थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे.

६) दिवे लावताच किंवा खड्ड्यात आदळताच काटा क्षणात उडी मारतो : इंजिनातील एवढे पाणी एका क्षणात तापत नाही वा निवत नाही. हा दोष सेन्सरच्या वायरचा किंवा अर्थिंगचा समजावा.

येथे एक धोका लक्षात ठेवावा. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरे सांगतो. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून काटा खाली आला, पण वाफ, जळका वास किंवा इंजिनाचा जोर कमी झाल्याचे जाणवले, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोप्या गोष्टींपासून सुरुवात करावी. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे.

१) रेडिएटर व बाटलीतील पातळी पहावी. रोज पाणी कमी होत असल्यास रबरी पाइपांचे जोड आणि पंपाखालचे बारीक छिद्र तपासावे. छिद्रातून पाणी पाझरत असेल तर पंपाचे सील गेले आहे.

२) हवा काढण्यासाठी गाडी तोंडाकडून उंच राहील अशी चढावर लावावी, चाकांना दगड लावावेत. झाकण उघडे ठेवून इंजिन संथ चालवावे, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरावे व झाकण लावावे.

३) बुडबुडे थांबतच नसतील, सकाळी पांढरा धूर बराच वेळ येत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. गाडी न चालवता मिस्त्रीला दाखवावी.

४) बेल्टच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. तो साधारण १० ते १५ मि.मी. दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत पहावे.

५) रेडिएटरची जाळी इंजिनाकडील बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पत्रे वाकतात.

६) थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने लोंबकळत ठेवावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाजवळ तो उघडू लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही उघडला नाही तर बदलावा.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यामुळे इंजिन लवकर तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, सिलिंडरची झीज व इंधनाचा खर्च वाढतो. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढल्यास पाणी रेडिएटर टाळून फिरते व गाडी अधिकच तापते. नवीन थर्मोस्टॅट घेताना तापमानाचा आकडा जुन्याप्रमाणेच असावा.

वाटेत गाडी तापल्यास

गाडी सुरक्षित जागी कडेला घ्यावी व चाकांना दगड लावावेत. वाफ नसेल, पाणी गळत नसेल व पंखा फिरत असेल तर इंजिन भाराविना दोन-तीन मिनिटे चालू ठेवावे. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसत असेल तर बंद करावे. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. गरम झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते. थंडगार पाणी तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये एकदम ओतू नये, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

हंगामापूर्वीची काळजी

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार नळ्यांत साचतात. त्याऐवजी कूलंट व डिस्टिल्ड वॉटर डब्यावरील सूचनेप्रमाणे मिसळून वापरावे. तयार मिश्रण असल्यास त्यात पाणी घालू नये. जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा चरात ओतू नये. पुष्कळशा कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण जनावरांना व माणसांना विषारी असते. ते बंद डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.

पहिली पेटी भरण्यापूर्वी पाइप, बेल्ट, झाकण व थर्मोस्टॅट यांची तपासणी उरकून घ्यावी. गाडीत एका वहीत काटा कोणत्या ठिकाणी, किती भार असताना व कोणत्या वेगाला हलला, याची नोंद ठेवावी. मिस्त्रीच्या हाती ही नोंद दिल्यास दोष शोधण्यात त्याचा वेळ व तुमचा पैसा वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोहोचेल.