विश्लेषण : वाघोलीतील ‘चायनीज’ आणि ‘एशियन’ – ताटात नेमके काय येते?

संध्याकाळी सात वाजले, की पुणे-नगर रस्त्यावर वाघोलीत कढईवर पळी आपटण्याचा आवाज सुरू होतो. केसनंद फाटा असो वा बकोरी फाटा, चायनीजची गाडी, मोमोजचा स्टॉल आणि ‘पॅन एशियन’ अशी पाटी लावलेले वातानुकूलित हॉटेल एकाच रस्त्यावर दिसते. यातले चांगले काय, उगाच महाग काय आणि जपून खावे असे काय?

इतकी गर्दी वाघोलीतच का?

वाघोली ३० जून २०२१ रोजी अन्य २२ गावांसह पुणे महापालिकेत आली. त्याआधीच खराडीतील आयटी कंपन्या आणि परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे येथे तरुण भाडेकरूंची वस्ती वाढली होती. पीजी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना, नगर रस्त्याच्या कोंडीतून रात्री उशिरा परतणाऱ्यांना पाच मिनिटांत गरम जेवण हवे असते. विक्रेत्यालाही हा धंदा परवडतो. एक गाडी, सिलिंडर, मोठ्या आचेची शेगडी आणि दोन कढया एवढ्यावर तो उभा राहतो.

हे चायनीज चीनचे आहे का?

फारसे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ चिनी वसाहत झाली. पुढे तेथील हक्का समाजाच्या स्वयंपाकाने भारतीय मसाल्यांशी जुळवून घेतले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ‘चिकन मंचुरियन’ तयार केल्याचे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची हे आपलेच वाटण. फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर.

‘शेजवान’चेही तसेच. चीनच्या सिचुआन प्रांतातील स्वयंपाकाची ओळख म्हणजे जीभ बधिर करणारी तेथील मिरी. आपल्या शेजवान चटणीत ती सहसा नसतेच. असते ती सुकी लाल मिरची, लसूण, व्हिनेगर आणि भरपूर तेल. गंमत म्हणजे त्या मिरीचे जवळचे भावंड कोकणात आहे. माशांच्या आमटीत पडणारे तिरफळ त्याच वनस्पती कुळातले, त्याच प्रजातीगटातले. ट्रिपल राइस, चायनीज भेळ हे पदार्थ तर इथलेच. त्यामुळे ‘अस्सल नाही’ ही तक्रार गाडीवर करण्यात अर्थ नाही.

‘एशियन’ पाटीमागे काय वेगळे मिळते?

थाई करी, रामेन, सुशी, बाओ. पुण्याला ही चव नवी नाही; कोरेगाव पार्कमध्ये ‘मलाका स्पाइस’ १९९७ मध्येच सुरू झाले. आता तोच मेनू खराडी ओलांडून वाघोलीकडे सरकला आहे. मात्र पदार्थ आला म्हणजे त्यामागची मेहनत आली, असे नाही.

रामेनचा जीव त्याच्या रश्शात असतो आणि हाडांचा रस्सा काही तास उकळावा लागतो. तो पातळ, नुसता खारट लागला, तर पावडरचा असण्याची शक्यता अधिक. थाई करीत गवती चहाचा वास आणि लिंबाच्या पानाचा सुगंध जाणवायला हवा. बाटलीतले वाटण आणि पाकिटातले नारळाचे दूध वापरणे ही फसवणूक नव्हे. पण त्यासाठी ताज्या वाटणाचा दर लावणे ग्राहकाला परवडणारे नाही. एका रामेनच्या पैशांत गाडीवर दोघांचे पोट भरते, हा हिशेबही विसरता येत नाही.

चवीचा प्रामाणिक कौल काय?

गाडीची ताकद तिच्या आचेत आहे. समोर परतलेले नूडल्स आणि फ्राइड राइस यांना येणारा धुरकट वास अनेक महागड्या हॉटेलांत मिळत नाही. ग्रेव्हीत मात्र गाडी कमी पडते. मंचुरियन असो की चिली पनीर, कॉर्नफ्लोअरचा तोच चिकट रस्सा आणि तोच लाल रंग. मोमोज वाफवलेले घ्यावेत. पारीची जाडी आणि आतले सारण तळलेल्या मोमोत लपते. पार्सलमध्ये नूडल्सचा गोळा होतो आणि कुरकुरीत पदार्थ मऊ पडतात. हे पदार्थ जागेवरच खाण्याचे आहेत.

अजिनोमोटोची भीती किती खरी?

जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये हा चवीचा घटक वेगळा केला. १९६८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रानंतर त्याची भीती पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा त्रास सातत्याने सिद्ध झालेला नाही. टोमॅटोतही ग्लुटामेट असतेच. काळजी करायची, तर सोया सॉसमधल्या मिठाची करावी.

मग खरा धोका कशात?

पहिला धोका भातात. भात दुपारी शिजवून रात्रीपर्यंत उघड्यावर ठेवला, तर ‘बॅसिलस सेरियस’ हा जिवाणू त्यात वाढतो. त्याचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत आणि उलटी घडवणारे त्याचे विष पुन्हा परतूनही नष्ट होत नाही. म्हणूनच शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दुसरा धोका तेलात. वारंवार तापलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर ते मोजणारे कोणी नसते. पण काळे, फेसाळ तेल डोळ्यांना दिसते.

तिसरा धोका पाण्यात. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात, विशेषतः नव्याने समाविष्ट गावांत, गीयन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तेव्हा दूषित पाण्याकडे आणि ‘कॅम्पिलोबॅक्टर’ या जिवाणूकडे बोट दाखवले गेले. वाघोलीही समाविष्ट गाव आहे आणि टँकरवर अवलंबून आहे. चटणी, कच्चा कोबी, ताटल्या धुण्याची बादली या साऱ्यांत पाणी असतेच.

ग्राहकाने काय पाहावे?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात आहे का, ते पाहावे. भात झाकलेला आहे का आणि तो कधी शिजवला, हे विचारायला संकोच नको. चिकन आतून गुलाबी असेल, तर परत करावे. मोमोजसोबतचे मेयोनीज कच्च्या अंड्याचे असेल, तर टाळावे. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. तक्रारीसाठी ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ हे अ‍ॅप आहे. आणि गर्दीची गाडी निवडावी. तिथे लोक चांगल्या चवीमुळेच येतात असे नाही, पण तिथला भात लवकर संपतो.